मीटर स्लो असला की आपण भांडत नाही

मंडळी, गेले तीन शनिवार लिहायचं राहिलं, कारण आम्ही बोटीखाली आडवे पडून वायरिंग करत होतो. त्यामुळे आजचा विषय बोट. कंटाळा येईल असं वाटत असेल तर थोडा धीर धरा, रिक्षापण येणार आहे.

मी मूळचा साताऱ्याचा. पाण्याशी संबंध विहिरीत उड्या मारण्यापुरता. नोकरीने मिनेसोटात आणून टाकलं. इथे चार-पाच महिने तळी गोठलेली असतात, आणि बर्फ वितळला की सगळं राज्य पाण्यात. वॉटर स्कीइंगची सुरुवातही इथलीच. १९२२ साली राल्फ सॅम्युअलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने लेक पेपिनवर लाकडी फळ्या पायाला बांधून ते पहिल्यांदा करून दाखवलं. ऑफिसातल्या दोघांनी मला एकदा नेलं, मी दहा वेळा पाणी प्यायलो आणि अकराव्या वेळी उभा राहिलो. मग काय, व्यसनच. पुढे आम्ही तिघांनी मिळून १९९९ सालची एक जुनी स्की बोट घेतली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

यंदा वाद असा पेटला की या म्हातारीला जीपीएसवाला स्पीड कंट्रोल बसवायचा की नाही. खर्च हजारेक डॉलर. मी पहिल्यापासून 'बसवायचा' पार्टीत होतो. अजूनही आहे, पण कारण बदललंय. तेच सांगायचंय.

आधी थोडं गणित. स्लॅलम कोर्स म्हणजे २५९ मीटरची सरळ रेघ. दोन्ही टोकांना गेट, आणि मध्ये सहा बोये, आलटून पालटून डावी-उजवीकडे, मधल्या रेषेपासून ११.५ मीटर लांब. बोट सरळ जाते, मागचा माणूस दोराला लटकून या बोयाला वळसा, त्या बोयाला वळसा असं करत जातो. स्पर्धेत वेग तीन-तीन किलोमीटरने चढतो: ४६, ४९, ५२, ५५. पुरुषांसाठी कमाल ताशी ५८, बायकांसाठी ५५. त्यानंतर वेग तोच ठेवून दोर आखूड करत जातात. ५८ च्या वेगाने पूर्ण कोर्स पार करायला बोटीला १६.०८ सेकंद लागतात. म्हणजे बोट जरा हळू गेली की प्रत्येक वळणाला श्वास घ्यायला जागा मिळते. वेगातली किरकोळ चूक म्हणजे सरळ सरळ मार्कांची चोरी.

आता हा वेग मोजायचा कसा? आमची जुनी यंत्रणा इंजिनाचे फेरे मोजायची. अमुक आरपीएम म्हणजे तमुक वेग, असा हिशोब. पण बोटीत एक माणूस जास्त बसला, वारा समोरून आला, की तेवढ्याच फेऱ्यांना बोट कमी पळते. मग ड्रायव्हरने अंदाजाने आकडा वर-खाली करायचा. काही बोटींना तळाशी एक छोटं चक्र असतं, ते पाण्याच्या धारेने फिरतं आणि वेग सांगतं. त्यात शेवाळ अडकलं की कारभार आटोपला. आणि मुळात ते पाण्याच्या तुलनेत वेग मोजतं. बोये कशाला बांधलेले असतात? तळ्याच्या तळाला. पाणी वाहतं असो की थांबलेलं, बोये आपल्या जागी. म्हणजे आपल्याला हवा जमिनीच्या तुलनेतला वेग, आणि आपण मोजतोय भलतंच काहीतरी.

जीपीएस नेमकी हीच अडचण सोडवतो. गंमत म्हणजे तो 'मघाशी इथे होतो, आता तिथे आहे' अशी वजाबाकी करत बसत नाही. जागा सांगताना तो काही मीटर चुकू शकतो. पण उपग्रहाच्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी किती सरकली (तोच आपला बारावीतला डॉप्लर, रेल्वेच्या शिट्टीवाला) यावरून वेग फार अचूक निघतो. मोकळ्या आकाशाखाली चूक सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आत. अमेरिकन सरकारने मे २००० मध्ये नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड काढून टाकली, आणि २००८ च्या आसपास जीपीएसवाले कंट्रोल स्पर्धेच्या बोटींमध्ये आले.

इतकं स्वच्छ असताना विरोध कोणाचा? आमच्या ड्रायव्हरचा. रिटायर्ड गोरा गृहस्थ, सत्तरीला टेकलेला, आयुष्य लेथवर गेलेलं. तोंडावर मी त्याला इथल्या पद्धतीप्रमाणे नावानेच हाक मारतो, मनात मात्र काका. काका इंजिनाच्या आवाजावरून वेग सांगतो. त्याचं म्हणणं एकच: "तो डबा बसवलात की मी काय करायचं? नुसतं स्टिअरिंग धरून बसू?"

मी पडलो इंजिनिअर. म्हटलं डेटा दाखवू. बोटीतल्या मित्राला सांगितलं, माझ्या रनचा व्हिडिओ घे. सेकंदाला तीस फ्रेम. घरी येऊन बोट पहिल्या गेटमधून शिरली तिथपासून शेवटच्या गेटमधून बाहेर पडली तिथपर्यंतच्या फ्रेम मोजल्या. वेग ठरलेला ४९. म्हणजे १९.०३ सेकंद, ५७१ फ्रेम.

निघाल्या ५८९.

पुन्हा मोजल्या. दुसऱ्या रनच्या मोजल्या. तेच. म्हणजे बोट ४९ ने नव्हे, साधारण साडेसत्तेचाळीसने जात होती. आणि मित्रहो, गेल्या ऑगस्टमध्ये ४९ ला सहाच्या सहा बोये मारले म्हणून मी पार्टी दिली होती. आईला व्हिडिओ पाठवला होता. तिने तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता!

काकाला विचारलं. त्याने जराही आढेवेढे घेतले नाहीत. "तू जूनपासून पाचव्या बोयाला पडत होतास. तुझा चेहरा बघवेना. थोडे फेरे कमी केले. परत वर घ्यायचं राहून गेलं."

आता यावर रागवायचं कसं?

दोन दिवस मी विचार केला, आणि मला पुण्याचा रिक्षावाला आठवला. कॉलेजात असताना मीटर फास्ट आहे म्हणून मी स्वारगेटला भर चौकात भांडलोय. मीटर स्लो आहे म्हणून आयुष्यात कधी भांडलो नाही. इथेही तेच. खरं सांगायचं तर ऑगस्टमध्ये मला तो रन जरा सोपा वाटला होता. वाटलं होतं आणि मी विचारलं नव्हतं. आपल्या बाजूने चुकणारा मीटर आपण कधी तपासायला नेत नाही.

ऑफिसात तरी वेगळं काय चालतं? कोणी किती तास बसलं, किती तिकिटं बंद केली हे मोजायचं, कारण ते मोजायला सोपं. ते म्हणजे इंजिनाचे फेरे. बोट कुठे पोचली हा प्रश्न वेगळाच. आणि एखादा प्रेमळ मॅनेजर टीमचा चेहरा पडू नये म्हणून स्टेटस रिपोर्टमधला लाल रंग हिरवा करतो. तोही काकाच. हेतू चांगला असतो, पण नुकसान आपलं होतं, कारण आपण कुठे पडतोय तेच आपल्याला कळत नाही.

म्हणून माझं मत असं: जीपीएस बसवा, पण ड्रायव्हरवर अविश्वास म्हणून नव्हे. वेग राखायचं ओझं त्याच्या डोक्यावरून काढायला बसवा. दया करायचीच असेल तर ती उघडपणे करता येते: ४६ लाव म्हणायचं आणि ४६ ला सहा मारायचे. त्यात लाज कसली? लाज ४६-४७ ला मारून ४९ सांगण्यात आहे.

या यंत्रणेत खोट नाही असं मी म्हणत नाही. माणूस जोरात ओढतो तेव्हा बोट मंदावते, कंट्रोल ते ओळखून थ्रॉटल वाढवतो, आणि ती ओढ किती लवकर, किती जोरात यावी यावर सगळा फील ठरतो. आमच्यासारख्या केबलच्या थ्रॉटलवर मोटर जरा उशिरा हलते, त्यामुळे कधीकधी गचका बसतो. जुन्या लोकांना यंत्राची ओढ कोरडी वाटते. वाटू शकते. पण हा आवडीचा प्रश्न झाला. वेग खरा की खोटा हा आवडीचा प्रश्न नाही.

गेल्या शनिवारी पहिला रन झाला. डॅशबोर्डवर डबा, वर आकाश दिसेल असा अँटेना, स्क्रीनवर ४९. मला किती मिळाले? चार. पाचव्याला पुन्हा पाण्यात.

काका वळसा घालून आला, इंजिन न्यूट्रल केलं, दोराचं हँडल माझ्यापाशी येईल अशी बोट लावली. डबा यातलं काहीही करत नाही, बरं का. मागचा माणूस बाजूला खेचत असताना बोट मधल्या रेषेवर ठेवणंही तो करत नाही. मग काका म्हणाला, "आज पहिल्यांदा मला आरशात नीट बघायला वेळ मिळाला. चौथ्या बोयानंतर तू कमरेतून वाकतोस. हात लांब जातात, म्हणून पाचव्याला उशीर होतो."

दोन वर्षं माझ्यासाठी बोट चालवणाऱ्या माणसाला हे आत्ता दिसलं, कारण इतके दिवस त्याचे डोळे काट्यावर आणि कान इंजिनावर होते.

असो. आईला फोन करून सांगितलं की ऑगस्टचे सहा खरे नव्हते, सध्या चारच. ती म्हणाली, "मग ग्रुपवर काय सांगू?" म्हटलं, चार सांग.