दार अडलं, भिंत अडली

मुलांनो, पोफळी माहीत आहे ना? कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचं गाव. कोयनेचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे, ते इथलंच. पण आज गोष्ट वीजघराची नाही, तिथल्या माझ्या आजोळच्या मागच्या दाराची. आषाढात लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि दार चौकटीत घट्ट बसतं. एवढा मोठा झालोय, तरी मी रागाने लाथ घातली. दार जागचं हललं नाही, बिजागरी मात्र उखडली!

मामेभाऊ अमेरिकेहून आला होता. तो म्हणाला, "अरे, मीही हेच केलंय. फक्त माझी भिंत होती."

त्याच्याकडे फिरतं घर आहे, म्हणजे ओटा, पलंग सगळं असलेली मोठी गाडी. गाडी उभी करून बटण दाबलं, की भिंतीसकट खोलीचा एक भाग टेबलाच्या खणासारखा बाहेर सरकतो. खोली कशी ऐसपैस! फटीतून वारा-पाणी येऊ नये म्हणून कडेने रबराची पट्टी असते.

तो राहतो मिनेसोटात. हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली २० अंशांपर्यंतही उतरतो. एका रात्री खूप बर्फ पडला. आत हीटर चालू. त्या उबेने सरकत्या भागाच्या छपरावरचा बर्फ खालून वितळला, पाणी ओघळून रबरापाशी आलं आणि तिथे पुन्हा गोठलं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणजे फटीत पाचरच की! त्यात थंडीने बॅटरीचा जोरही कमी होतो. सकाळी घाईत त्याने बटण दाबलं. मोटर कण्हली, रबर टर्रकन फाटलं, भिंत अर्धी आत, अर्धी बाहेर. अशी गाडी रस्त्यावर नेता येत नाही. वहिनी आणि मुलं आत कुडकुडत बसलेली.

मग करायचं काय? आधी छपरावरचा बर्फ मऊ ब्रशने झाडायचा. ठोकाठोकी नाही. उकळतं पाणी तर मुळीच नाही, तेही गोठतं! लांबून गरम हवा सोडायची, रबर कोरडं पुसायचं, मगच बटण. बर्फाचा इशारा मिळाला तर भिंत आधीच आत घ्यावी. आणि हीटरचा धूर बाहेर जाण्याचं तोंड बर्फाने बुजलं नाही ना, ते पुन्हापुन्हा बघायचं. तो विषारी वायू आत कोंडला, तर त्याला वासही नसतो.

आम्ही बिजागरी बसवली. भावाने दाराच्या कडेला मेणबत्ती घासली. मामी बघत होती. म्हणाली, "श्रावणात ऊन पडलं की सुटतं रे ते आपोआप!"