गाणे उरले, प्रसंग हरवला

आपल्या सीमाभागात मराठी मंडळींचा मेळावा असो, गणेशोत्सव असो वा एखाद्या मंडळाचा वर्धापनदिन असो, रात्रीच्या कार्यक्रमाचे स्वरूप आता ठरून गेले आहे. वाद्यवृंद येतो, निवेदक 'सुवर्णकाळा'विषयी चार गोड वाक्ये बोलतो, पंधरा-वीस जुनी चित्रगीते होतात, टाळ्या पडतात, आणि मराठीचे ऋण फेडल्याच्या समाधानात आपण घरी परततो. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यापासून अशा अनेक कार्यक्रमांना मी पहिल्या रांगेत बसलो आहे. म्हणूनच आज स्पष्ट लिहितो. चित्रपटातले गाणे त्याच्या प्रसंगातून उपटून आणायचे आणि त्याला वारसा म्हणायचे, ही आपली आपणच चालविलेली फसवणूक आहे.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते : 'चांगले गाणे स्वयंपूर्ण असते, चित्रपट विसरला जातो, गाणे उरते.' या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. आमच्या लहानपणी भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत मराठी चित्रपट क्वचितच पाहावयास मिळे. आम्ही मराठी गाणी ऐकली ती रेडिओवर. पडद्यावर ती कोण, कोठे आणि कशासाठी गाते, हे ठाऊक होण्याचा मार्ग नव्हता. परंतु ती आमची अडचण होती. त्या अडचणीलाच आज आपण रसिकतेचे तत्त्व बनविले आहे, आणि माझा आक्षेप आहे तो यालाच.

'कशाला उद्याची बात' हे गाणे घ्या. मास्टर कृष्णरावांनी संगीत दिलेले हे गाणे कित्येक वर्षे मला एक खेळकर, बेफिकीर गीत वाटत होते. व्ही. शांताराम यांचा 'माणूस' (1939) मी पाहिला तो पन्नाशी उलटल्यावर, आणि माझी मान खाली गेली. ते गाणे मैना नावाची वेश्या आपल्या गिऱ्हाइकांपुढे गाते. समोर निरनिराळ्या प्रांतांचे लोक बसले आहेत, आणि प्रत्येकाला रिझवावे म्हणून ती मराठीतून दुसऱ्या, दुसरीतून तिसऱ्या भाषेत शिरते. भाषेगणिक तिचा ढंग बदलतो, हावभाव बदलतात. उद्याचा विचार कशाला, असे ती विचारते, कारण तिला उद्या नावाची गोष्टच उरलेली नाही. पुढे गणपत हवालदार तिला तो उद्या देऊ पाहतो, तेव्हा या गाण्याचा अर्थ आपल्याला उलटा फिरून बोचू लागतो. मैनेची भूमिका करणाऱ्या आणि ते गाणे गाणाऱ्या शांता हुबळीकर कर्नाटकच्या मातीतल्या, हे तर आपल्या भागाने अभिमानाने सांगावे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी उर्दू बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रसंग आवर्जून पाहिला पाहिजे. समोरच्याला खूश करण्यासाठी भाषा बदलणे वेगळे आणि ती भाषा आपलीशी करणे वेगळे. वाद्यवृंदाच्या मंचावर मात्र जरीची साडी नेसलेली गायिका हसत हसत मराठी कडवे तेवढे म्हणते आणि 'वन्स मोअर' घेते.

दुसरे उदाहरण 'संत तुकाराम' (1936) या चित्रपटाचे. दामले-फत्तेलाल यांनी त्यात एक विलक्षण युक्ती योजली. तुकोबांची रचना सालोमालो आपली म्हणून मिरवतो आणि आपल्या ढंगात, दिमाखात गातो. विष्णुपंत पागनीसांच्या मुखातून तीच रचना कशी येते आणि सालोमालोच्या मुखात तिचे काय होते, हे दिग्दर्शक एक शब्दही न सांगता दाखवतात. शब्द तेच, पण माणूस निराळा, आणि माणूस निराळा म्हणून गाणेही निराळे. हे केवळ ध्वनिमुद्रिकेवरून कसे कळणार? याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले 'आधी बीज एकले' अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटले. आठवल्यांच्या लेखणीला ही मोठीच पावती. पण ही गल्लत आपले निवेदक आजही मंचावरून करतात, तेव्हा मला सालोमालोच आठवतो.

कोणी म्हणेल, हा जुन्या माणसांचा जुना हट्ट आहे. तर मग नवे उदाहरण देतो. गेल्या लग्नसराईत बीदरला एका वरातीत 'झिंगाट' सुरू झाले आणि आबालवृद्ध नाचू लागले. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (2016) मध्ये हे गाणे वाजते ते नायिकेच्या भावाच्या वाढदिवसाला. त्याच रात्री आर्ची आणि परशा पकडले जातात, आणि पुढे तोच भाऊ त्या दोघांच्या हत्येला कारण होतो. शेवटच्या दृश्यात दिग्दर्शक संगीतच काय, ध्वनीही काढून घेतो. रक्ताच्या पावलांनी चालणारे मूल तेवढे दिसते. आधीच्या त्या धुंद गाण्यामुळेच ही शांतता असह्य होते. परजातीत लग्न करणाऱ्या मुलीचे नाव घरात काढू न देणारी कुटुंबे आपल्यांतही आहेत. तीही त्या वरातीत नाचत होती. प्रसंग ठाऊक असता, तर निदान एखाद्याचे पाऊल अडखळले असते.

आपल्या दृष्टीने खरा प्रश्न याच्याही पुढचा आहे. आपली नातवंडे कन्नड वा इंग्रजी माध्यमात शिकतात, आणि त्यात गैर काही नाही. त्यांना मराठी गाण्यांच्या चाली पाठ आहेत, पण संवादातले मराठी कळत नाही. चाल गुणगुणायला भाषा लागत नाही. प्रसंग समजायला लागते. आर्ची हैदराबादला पळून जाते तेव्हा तिला तिथली भाषा येत नाही आणि ती एकाकी होते. हे ज्याला उमगले, त्याला भाषा म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. केवळ गाणी देऊन आपण मुलांना मराठीचा वास देतो. अन्न देत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. वर्षाकाठी वाद्यवृंदाचा एक कार्यक्रम कमी करावा आणि त्या पैशांत एक पडदा व एक प्रक्षेपक घ्यावा. दर तिमाहीस एक चित्रपट पूर्ण दाखवावा. तेवढा वेळ नसेल तर गाण्याआधीची दहा आणि नंतरची दहा मिनिटे तरी दाखवावीत. मुलांना अडलेला शब्द विचारू द्यावा आणि शेजारच्या आजोबांनी तो सांगावा. पुढील सभेत मी हा ठराव लेखी मांडणार आहे. विरोध करणाऱ्यांनी अवश्य करावा. मात्र त्यापूर्वी 'माणूस' एकदा पाहून यावे, इतकीच विनंती.