काळे पाणी कारकुनाला, जामीन अध्यक्षाला

१७९९ साली लंडनच्या एका पेढीतील जोसेफ बेझली या कारकुनाने ग्राहकाने भरलेली शंभर पौंडांची नोट खिशात घातली. नोट पेढीच्या ताब्यात आलीच नव्हती, सबब ही चोरी नव्हे, असे न्यायाधीशांनी ठरविले. धनिकांची पार्लमेंट किती चपळ! त्याच वर्षी कायदा झाला आणि अपहार करणाऱ्या नोकराला चौदा वर्षांपर्यंत सागरापार धाडण्याची सोय झाली.

भारतीय दंडसंहिता कागदावर तरी अधिक न्यायी होती. कारकुनाला कलम ४०८ खाली सात वर्षे; बँकवाल्याला ४०९ खाली जन्मठेप, म्हणजे १९५५ अखेरपर्यंत काळे पाणी. २०२४ साली लागू झालेल्या न्याय संहितेनेही हीच उतरंड ठेवली आहे. पण व्यवहारात? नागपूर जिल्हा बँकेचा रोखे घोटाळा २००२ साली उघडकीस आला. तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली ती डिसेंबर २०२३ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात जामीन!

त्याच होम ट्रेड प्रकरणात उस्मानाबाद जिल्हा बँकेचाही पैसा अडकला. त्यात ढोकीच्या तेरणा व नळदुर्गच्या तुळजाभवानी कारखान्यांची थकबाकी. हेलपाटे घातले ते स्वतःचीच ठेव मागणाऱ्या शेतकऱ्याने. बेझलीची नोट एकच होती.

संचालकांकडून नुकसान वसूल करण्याचे कलम ८८ महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात १९६० पासून आहे. ते आधी चालवा. रोखपालाच्या गल्ल्यातील तूट नंतर मोजा.