लोकांचा पैसा हातात असताना

सोसायटीच्या कमिटीवर, देवस्थानच्या विश्वस्त मंडळावर किंवा गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर तुमचं नाव लागलं, की लोकांच्या पैशाची जबाबदारी तुमच्यावर येते. या कामाला बहुधा पगार नसतो, वर बोलणी खावी लागतात. तरीही कुणीतरी पुढे होतं म्हणून संस्था चालतात. पण नुसता प्रामाणिकपणा इथे पुरत नाही.

कायद्याच्या भाषेत या कामाला लागणाऱ्या गुणाला 'प्रुडन्स' म्हणतात. भारतीय न्यास अधिनियम, 1882 मधलं कलम 15 सांगतं की, साधारण समंजस माणूस स्वतःची मालमत्ता जितक्या काळजीने सांभाळेल, तितक्याच काळजीने विश्वस्ताने न्यासाची मालमत्ता सांभाळावी. हा कायदा खासगी न्यासांचा असला, तरी ही कसोटी प्रत्येक खजिनदाराने स्वतःला लावावी.

याचा अर्थ जोखीम शून्य ठेवायची असा नाही. 1830 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयापुढे एक खटला आला. जॉन मॅक्लीन यांनी 50,000 डॉलर विश्वस्तांच्या हवाली केले होते. उत्पन्न पत्नीला मिळायचं आणि तिच्या पश्चात रक्कम हार्वर्ड कॉलेज आणि एका रुग्णालयाला निम्मी-निम्मी जायची. विश्वस्तांनी कारखान्यांचे आणि विमा कंपन्यांचे शेअर घेतले, त्यांचे भाव उतरले. कॉलेज आणि रुग्णालय भरपाई मागू लागले. न्यायमूर्ती सॅम्युएल पटनम यांनी ती नाकारली. पैसा कुठेही ठेवला तरी धोका राहतोच, म्हणून विश्वस्त प्रामाणिकपणे आणि समजूतदारपणे वागला का, एवढंच त्यांनी पाहिलं. नुकसान झालं म्हणजे चूक झालीच, असं नाही. निर्णय घेताना किती विचार केला, याला महत्त्व आहे.

आता आपल्याकडचं पाहा. 23 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले. सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते. अनेक गृहनिर्माण सोसायट्यांच्या ठेवी तिथे अडकल्या. बँक अडचणीत येणार हे कमिटीला आधी कळणं अवघड होतं. पण सगळी रक्कम एकाच बँकेत का ठेवायची, हा प्रश्न कुणालाही विचारता आला असता.

बँक ठेवींना विम्याचं संरक्षण असतं. 4 फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा 1 लाखावरून 5 लाख झाली. ही मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून आहे. इमारतीत शंभर फ्लॅट असले तरी सोसायटी हा एकच ठेवीदार. सिंकिंग फंडाची चाळीस लाखांची एफडी एकाच बँकेत असेल, तर पाच लाखांपलीकडचा पैसा विम्याबाहेर राहतो.

म्हणून एफडी करण्याआधी कायद्याने आपल्या संस्थेला कुठे पैसा ठेवायची परवानगी आहे ते तपासा. अर्धा टक्का जास्त व्याज कोण देतं आणि का देतं, हे विचारा. ओळखीच्या माणसाच्या शब्दावर चेक फाडू नका. तीन ठिकाणचे दर मागवा, कमिटीत चर्चा करा आणि ठराव लिहिताना कारणंही लिहा. उद्या कुणी बोट दाखवलं, तर इतिवृत्तातली ती चार वाक्यं तुमच्या बाजूने बोलतील.

सभासदांनाही सांगणं आहे. सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायची असते. त्या सभेला जा, ताळेबंद वाचा, ठेवी कुठे आहेत ते विचारा. प्रश्न विचारणं म्हणजे कुणावर संशय घेणं नव्हे. आणि कमिटीवर असाल, तर अशा प्रश्नाचा राग मानू नका, कागद पुढे ठेवा. पैसा लोकांचा आहे, हिशोब मागायचा हक्कही त्यांचाच आहे.