जखमा युद्धाच्या, विद्या कोणाची?

युद्धे झाली म्हणून शल्यशास्त्र पुढे गेले, हे विधान इतक्या वेळा केले जाते की, त्याची शहानिशा करण्याची गरजच कोणाला भासत नाही. चेहरा नव्याने घडविण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास मात्र या विधानाला सहजासहजी मान डोलावत नाही. आणि त्यातील एक महत्त्वाचा दुवा पुण्याजवळचा आहे.

१७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बेतायचा, तो कपाळावर पसरून रेषा आखायची, तेवढी कातडी सोडवून पीळ देत खाली वळवायची. भुवयांमधली अरुंद पट्टी मात्र तोडायची नाही, कारण रक्त पोहोचते ते तिच्यातूनच. कातडी रुजल्यावर, सुमारे पंचविसाव्या दिवशी, ती कापायची. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’ने हा वृत्तांत छापला आणि त्याच्या आधारे जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये तेथे हीच शस्त्रक्रिया केली. युद्धाने पुरविला तो रुग्ण. विद्या आधीचीच होती.

पहिल्या महायुद्धात खंदकांनी धड झाकले, चेहरे उघडे पडले. १९१६ मध्ये सोमच्या लढाईनंतर हॅरल्ड गिलीज यांनी २०० जखमींची सोय केली होती; आले सुमारे २०००. १९१७ मध्ये सिडकप येथे खास रुग्णालय निघाले व तेथे ५,००० हून अधिक जवानांवर ११,००० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. कातडीची पट्टी नळीसारखी शिवून जंतुसंसर्ग टाळण्याची युक्ती याच काळातील. हे श्रेय युद्धाला द्यायचे, तर पुढे काय झाले तेही पाहावे लागेल. १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये या शाखेचे पूर्णवेळ अनुभवी शल्यचिकित्सक अवघे चार होते! भाजलेली मुले, यंत्रात सापडलेले कामगार त्या वीस वर्षांत नव्हते काय? सरकारी थैली सैल झाली ती वैमानिकांचे चेहरे जळू लागल्यावर.

आपल्याकडेही स्वयंपाकघरात भाजलेल्या खेड्यातील स्त्रीला या उपचारासाठी आज अनेकदा मोठे शहर गाठावे लागते. तिच्यासाठी कोणी युद्ध पुकारणार नाही.

कावसजीचे नाव त्या वृत्तांतामुळे राहिले, त्याचे चित्रही राहिले. ज्या हातांनी नाक घडविले, त्या कारागिराचे नाव मात्र त्यात नाही.