फाईल म्हणजे कानससुद्धा

गेल्या सत्रात सातवीच्या वर्गावर आम्ही इंग्रजीच्या तासाचा नेहमीचा प्रश्न विचारला, 'व्हॉट डझ युवर फादर डू?' उत्तरेही नेहमीचीच आली. सर्व्हिस, बिझनेस, फार्मर, टीचर. एक मुलगा मात्र उभा राहून गप्प. शेवटी म्हणाला, 'ही गोज टू कंपनी.' त्याचे वडील उद्यमबागेत एका फौंड्रीत साचे भरतात. मराठीत सांग म्हटल्यावर तो थांबेना. वाळू किती ओली हवी, ती कशी ठासायची, खालच्या पेटीवर वरची पेटी कशी बसवायची, धातू ओतताना बाबा कुठे उभे राहतात, सगळे त्याला ठाऊक. इंग्रजीत मात्र त्याच्याजवळ बापाच्या कामाला शब्द नव्हता. आणि खरे सांगायचे तर 'मोल्डर' हा शब्द आमच्याही तोंडी चटकन आला नाही.

विश्वस्त मंडळाने स्पोकन इंग्लिशच्या वर्गाला मंजुरी दिली याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्या वर्गात कोणते इंग्रजी शिकवायचे, याचा विचार आताच व्हावा. आम्ही आजवर जे शिकवत आलो ते कचेरीतले इंग्रजी. रजेचा अर्ज, साहेबांना पत्र, टेलिफोनवरचे संभाषण. व्यवसायांच्या यादीत डॉक्टर आणि पायलट ठरलेले. बेळगावातल्या फौंड्र्या आणि मशीनशॉप त्या यादीत कधी शिरलेच नाहीत.

इंग्रजी ही टेबलाखुर्चीवरच्यांचीच भाषा, असा एक समज त्यामुळे मुलांच्या मनात बसतो. तो साफ चुकीचा आहे. 'फाईल' म्हणजे कागदांची चळत, तशीच फिटरची कानसही फाईलच. (जाड दात्यांच्या एका कानशीचे इंग्रजी नाव तर असे आहे की ते वर्गात उच्चारले तर आमच्यावरच शिस्तभंगाची कारवाई व्हायची.) 'प्लेन' म्हणजे विमान आणि सुताराचा रंधाही. 'स्क्वेअर' म्हणजे चौरस आणि गुण्याही. 'टॅप' नळ खरा, पण नटाच्या आत आटे पाडायचे हत्यारही टॅपच. 'टेम्पर' म्हणजे मुलांना फक्त राग माहीत. कठीण केलेले पोलाद पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात, त्यालाही टेम्पर करणेच म्हणतात. 'रायझर' गवंड्याला विचाराल तर जिन्याच्या पायरीची उभी बाजू. फौंड्रीत विचाराल तर साच्यातली ती जागा, जिथे जादा धातू साठून राहतो आणि ओतलेला भाग थिजताना आकसला की त्याला पुरवला जातो. 'प्लंबर' हा शब्द शिशाच्या लॅटिन नावावरून आला, कारण पूर्वी नळ शिशाचे असत. ओळंब्याला 'प्लंब बॉब' म्हणतात तेही त्याच नात्याने. आणि आपण उत्कृष्ट कलाकृतीला 'मास्टरपीस' म्हणतो, तो मुळात युरोपातल्या कारागिराने उस्ताद म्हणून मान्यता मिळावी यासाठी आपल्या संघापुढे ठेवायचा नमुना.

हे केवळ कौतुकासाठी सांगत नाही. आमचा एक माजी विद्यार्थी आय.टी.आय. करून एका कारखान्यात तोंडी परीक्षेला गेला. हात चांगला, लेथवर सफाई. साहेबांनी विचारले, टॉलरन्स म्हणजे काय? त्याने आमच्या पुस्तकातला अर्थ सांगितला, सहनशीलता. वास्तविक माप २० मिलिमीटर आणि सूट ०.०५ असेल, तर १९.९५ ते २०.०५ पर्यंतचा नग पास होतो, हे तो रोज करत होता. शब्द तेवढा ओळखीचा नव्हता, म्हणजे होता, पण दुसऱ्याच अर्थाने. नोकरी गेली. त्यात आमचाही वाटा आहे, असे आम्ही मानतो.

काही पालक म्हणतील, आमचा मुलगा वर्कशॉपमध्ये जाऊ नये म्हणून तर शिकवतो. ही भावना आम्हाला समजते. भट्टीजवळ आयुष्य काढलेल्या माणसाने तसे म्हटले तर वाद घालणारे आम्ही कोण! पण इंजिनिअर झालेल्या मुलालाही ड्रॉइंगवर चॅम्फर आणि फिलेट वाचावे लागतातच. काठ तिरपी तासायची की आतला कोपरा गोल ठेवायचा, हे त्याला शेजारच्या कामगाराकडून शिकावे लागू नये.

दुसरी हरकत उलट बाजूने येईल. सीमाभागात मराठी टिकावी म्हणून शाळा, आणि तुम्ही सुताराच्या हत्यारांनाही इंग्रजी नावे देणार? आमचे म्हणणे असे की रंधा, पटाशी, गुण्या, ओळंबा हे शब्द आमच्या निम्म्या मुलांना आज मराठीतही येत नाहीत. वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात मराठी नाव, दुसऱ्यात कन्नड, कारण कामावर सोबती बहुधा कन्नड बोलणारे असतात, आणि तिसऱ्यात इंग्रजी. इंग्रजीच्या निमित्ताने मराठी शब्द वहीत आला तर नुकसान कोणाचे?

खर्च फारसा नाही. आठवड्यातला एक तास, आणि आपली हत्यारे घेऊन येणाऱ्या कारागीर पालकांना त्यांच्या बुडालेल्या अर्ध्या दिवसाचा मोबदला. तो 'मानधन' म्हणून वेळच्या वेळी द्यावा, एवढी विश्वस्तांना विनंती. ज्या पालकांना यायचे आहे त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. पहिला तास सुतारकामाचा धरला आहे. रंधा आणि पटाश्या आणायचे एका पालकांनी कबूल केले आहे, आणि लाकूड म्हणाल तर मोडक्या बाकांचे मागच्या खोलीत भरपूर पडले आहे. फौंड्रीवाल्या वडिलांनाही आम्ही विचारले. पेटी आणि वाळू घेऊन ते एखाद्या शनिवारी येतो म्हणतात. मुलगा मात्र म्हणतो, 'बाबांना सांगू नका, मीच करून दाखवतो.'