‘उपक्रम’ नव्हे, विषय

संगीताच्या तासाला आपण ‘सहशालेय उपक्रम’ म्हणतो. मग परीक्षा जवळ आली की पहिली गदा त्याच्यावरच येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांमधली भिंत नाकारली, पण वेळापत्रकाची भाषा जुनीच राहिली.

त्याआधी शंभर वर्षे, १९२० मध्ये, सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासह ‘नेचर’मध्ये मृदंगाविषयी लिहिले होते. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटीत नसतात. शाईचा भार त्यांना त्या पटींच्या जवळ आणतो. कारागिरांनी हे कानाने साधले होते. या ऐकण्याला अध्ययन नाही तर काय म्हणावे?

‘संगीताने गणित सुधारते’ ही शिफारसही मला खटकते. तीत संगीत गणिताचे चाकर ठरते. प्रगतिपुस्तकात ‘गायनाची आवड आहे’ याऐवजी ‘षड्ज-पंचम अचूक ओळखते, सम चुकवत नाही’ असे लिहावे.